‘रोक्को आणि त्याचे भाऊ’ (१९६०) : पहिल्या वाटसरूच्या सावलीवर टाकलेला दगड

निशिगंध

लुकिनो व्हिस्कोन्ती यांचा ‘रोक्को आणि त्याचे भाऊ’ हा १९६० सालचा इटालियन चित्रपट मी विद्यार्थिदशेत फिल्म सोसायटीच्या खेळात पाहिला होता आणि गेल्या आठवड्यात तो पुन्हा पाहण्याचा योग आला. पहिल्या वेळी मनात राहिला होता तो रोक्कोचा सोशिकपणा आणि त्या भूमिकेतील आलाँ दलाँचा देखणा, झाकोळलेला चेहरा. या वेळी मात्र चित्रपट संपल्यावर नादिया डोळ्यांसमोरून हलेना, आणि ती का हलत नाही हे शोधता शोधता हा धागा काढावासा वाटला.

ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगते. चर्चेच्या ओघात शेवटही उघड होणार आहे, याची कल्पना असू द्यावी. दक्षिण इटलीतील लुकानिया या डोंगराळ आणि दरिद्री प्रांतातले पारोंदी कुटुंब. वडील वारले आहेत. थोरला विन्चेन्झो आधीच मिलानला येऊन बांधकामावर लागला आहे आणि सिमोने, रोक्को, चिरो व धाकटा लुका या उरलेल्या चौघांना घेऊन आई रोझारिया हिवाळ्यातल्या एका रात्री मिलानच्या मुख्य स्थानकावर उतरते. घ्यायला कोणी आलेले नसते. ट्रामच्या काचेवरून दुकानांचे दिवे सरकत जातात आणि मुले त्या उजेडाकडे पाहत राहतात. विन्चेन्झोच्या वाङ्निश्चयाच्या घरी ही मंडळी बोचक्यांसकट जाऊन थडकतात. आधी गळाभेटी होतात आणि घटकाभरात दोन विहिणींचे कडाक्याचे भांडण जुंपते. तेथून पुढे पाच भावांच्या नावांचे पाच भाग आहेत. सिमोने मुष्टियुद्धात शिरतो, चमकतो आणि घसरतो. रोक्को लष्करी सेवेहून परततो तो नादियावर प्रेम करू लागलेला असतो. ती पूर्वी सिमोनेसोबत राहिलेली, शरीरविक्रय करणारी मुलगी आहे. त्यानंतर जे घडते त्यात नादियाचा जीव जातो.

मला बोलायचे आहे ते घराविषयी. या चित्रपटात घर मिळवण्याची एक युक्ती आहे आणि ती गरिबाला गरिबानेच शिकवलेली आहे. विन्चेन्झोला एक ओळखीचा माणूस सांगतो की, आधी भाड्याने एखादी जागा घ्यावी, एक-दोन महिने भाडे भरावे आणि मग भरणे थांबवावे. मालक बाहेर काढेल. पण घराबाहेर काढलेल्यांना नगरपालिका रस्त्यावर राहू देत नाही, ती त्यांना आपल्या वसाहतीत जागा देते. ज्याच्यापाशी काहीच नाही त्याला पालिकेचे घर मिळत नाही; ज्याच्यापाशी होते आणि गेले त्याला मिळते. म्हणून आधी काहीतरी असल्याचे दाखवावे लागते. गावाहून आलेल्या माणसाची शहराशी पहिली खरी ओळख अशी, हिशेबातून होते.

ती भाड्याची जागा म्हणजे तळघरातली खोली. तिथली बर्फाची सकाळ या चित्रपटातील माझे सर्वांत आवडते दृश्य आहे. खिडकीबाहेर बर्फ पडलेले रोझारियाला दिसते आणि ती आनंदाने ओरडत मुलांना उठवू लागते, कारण बर्फ पडले म्हणजे रस्ते साफ करण्यासाठी माणसे लागणार आणि आज रोज मिळणार. कुशीत हात घालून झोपलेली मोठमोठी मुले डोळे चोळत उठतात, मिळेल ते कपडे एकावर एक चढवतात आणि आई त्यांना दारापर्यंत लोटत नेते. मुलांना कामावर धाडणाऱ्या त्या बाईच्या अंगात लग्नघरातली लगबग संचारलेली असते. ज्युझेप्पे रोतुन्नो यांच्या कॅमेऱ्याने ती खोली इतकी भरलेली दाखवली आहे की माणूस वळला तर दुसऱ्याला धक्का लागावा, आणि तरीही त्या दाटीत ऊब आहे. कुटुंब एकत्र आहे, सुखी आहे, असे या चित्रपटात मनापासून वाटावे अशी जागा यानंतर फारशी येत नाही.

त्याच तळघरात नादिया पहिल्यांदा येते. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या बापाने मारून हाकलल्यामुळे ती अर्धवट कपड्यांत जिना उतरून पळालेली असते आणि अंगावर घालायला काहीतरी मागते. मुष्टियुद्धात पैसा आहे ही गोष्टही भावांसमोर तीच काढते. या शहरात पारोंदींच्या दाराशी आपणहून आलेले बाहेरचे पहिले माणूस म्हणजे ती, असे मला या वेळी जाणवले. आणि हे जाणवले ते शेवटच्या मेजवानीतील रोक्कोच्या बोलण्यामुळे.

रोक्को सामना जिंकला आहे, घर माणसांनी भरले आहे, शेजारी आपापल्या सज्ज्यांतून पेले उंचावत आहेत. अशा वेळी रोक्को गावाकडची एक चाल आठवतो. घर बांधायला घेताना मुख्य गवंडी त्या वाटेने जाणाऱ्या पहिल्या माणसाच्या सावलीवर दगड टाकतो. लुका विचारतो, का? घर भक्कम उभे राहायचे तर बळी द्यावा लागतो, म्हणून, असे रोक्को सांगतो. हे ऐकताना प्रेक्षकाला ठाऊक असते की शहराबाहेरच्या तळ्याकाठी सिमोनेने नादियाला काही वेळापूर्वीच भोसकले आहे. कारण तो खून आणि रोक्कोचा सामना आपण आलटून पालटून पाहिलेला असतो. टेबलाभोवतीच्या कोणालाही ते अजून माहीत नाही. क्षणभरातच दारावर सिमोने येतो.

रोक्कोला तो बळी म्हणजे स्वतःचाच वाटत असावा. सिमोनेचे देणे फेडण्यासाठी नको असलेल्या खेळाचा दीर्घ मुदतीचा करार त्याने केलेला आहे, गावी परतण्याची आशा सोडलेली आहे. पण दगड पडला तो घरच्या कोणावर नव्हे, वाटेने जाणाऱ्या माणसावर. कुटुंब एकत्र राहावे म्हणून रोक्कोने जे जे सोडले त्यात नादियाही होती, आणि ती त्याच्या मालकीची नव्हतीच. माझ्या मते हा चित्रपट रोक्कोच्या त्यागाचा म्हणून ओळखला जातो तेव्हा त्यातला हा भाग झाकला जातो. इतरांना काय वाटते?

माळरान

निशिगंध, घराच्या युक्तीकडे लक्ष वेधलेत हे फार चांगले केले. मी कामानिमित्त चार वर्षे मिलानमध्ये राहिलो आहे आणि हा चित्रपट तिथल्याच एका जुन्या चित्रपटगृहात पाहिला आहे. त्यामागची एक गोष्ट सांगाविशी वाटते.

मुसोलिनीच्या राजवटीत, १९३९ साली, खेड्यांतून शहरांकडे येणारा लोंढा रोखण्यासाठी एक कायदा झाला होता. शहरात रहिवासी म्हणून नोंद हवी असेल तर तिथे काम असल्याचे दाखवावे लागे आणि रीतसर काम हवे असेल तर रहिवासी असल्याची नोंद लागे. राजवट गेली, प्रजासत्ताक आले, कारखाने माणसे मागू लागले, तरी हा कायदा १९६१ पर्यंत पुस्तकात राहिला. म्हणजे चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हाही तो लागू होता. पारोंदींसारखी लक्षावधी माणसे आपल्याच देशात, आपल्याच रेल्वेने प्रवास करून येत आणि कागदोपत्री परकी ठरत. अशांना मिळणारे काम म्हणजे बर्फ उपसणे, ओझी वाहणे, कंत्राटदाराच्या हाताखाली विटा उचलणे. बर्फाच्या सकाळी रोझारियाला झालेला आनंद या बाजूने पाहिला तर अधिक कळतो: आकाशातून पडणाऱ्या कामासाठी कोणी कागद विचारत नव्हते.

दक्षिणेकडच्या माणसांना उत्तरेत ‘तेर्रोनी’ म्हणत. शब्द मातीवरून आलेला आहे आणि आजही शिवीसारखा लागतो. मिलानच्या भोवती अशा लोकांनी रात्री आणि रविवारी खपून, स्वतःच्या हातांनी ज्या वस्त्या उभ्या केल्या त्यांना लोक ‘कोरिया’ म्हणत, कारण त्या काळात कोरियातील युद्धाच्या बातम्या सगळीकडे होत्या. चित्रपटात त्या वस्त्या प्रत्यक्ष दिसत नाहीत, पण शहराच्या कडेचे ओसाड माळ आणि अर्धवट उभ्या इमारती सारख्या दिसत राहतात.

गिसोल्फाचा पूल, जिथे सिमोने आणि त्याचे साथीदार रोक्को व नादियाला गाठतात, तो रेल्वेच्या रुळांवरून जाणारा पूल आहे आणि आजही वाहता आहे. चिरो जिथे काम करतो तो आल्फा रोमेओचा पोर्तेल्लो येथील कारखाना मात्र गेला. तिथे आता बाजारसंकुल आणि बाग आहे. मी मुद्दाम पाहायला गेलो होतो. शेवटच्या दृश्यातला तो लांबलचक रस्ता मनात धरून गेलो आणि तो कुठेच सापडला नाही.

कोकणकडा

लेख आवडला, परंतु रोझारियाच्या बाबतीत मला थोडे वेगळे म्हणायचे आहे.

माझे आजोबा रत्नागिरी जिल्ह्यातून परळच्या गिरणीत आले. गावकीच्या खोलीत पंधरा-वीस पुरुष पाळीपाळीने झोपत, खानावळीत जेवत आणि गावी मनीऑर्डर पाठवत. सुरुवातीची काही वर्षे ते बदली कामगार होते. म्हणजे रोज सकाळी गिरणीच्या दाराशी उभे राहायचे, कोणी गैरहजर असेल तर आत घेणार, नाही तर परत खोलीवर. त्यामुळे बर्फाची ती सकाळ पाहताना मला आजोबांचे ते दाराशी उभे राहणे आठवले. पण आमच्या घरी आजी गावीच राहिली. शेत, घर, म्हातारी माणसे तिच्याकडे होती. पुरुषाने शहरात जायचे आणि बाईने गाव धरून ठेवायचे, अशी ती विभागणी होती, आणि संप झाला किंवा आजारपण आले तर परतायला घर होते.

रोझारियाने असे काही मागे ठेवलेले नाही. ती सगळेच उचलून आणते. नवरा जमीन सोडायला तयार नव्हता आणि तो गेल्यावर मुलांना तिथून बाहेर काढण्याची वर्षानुवर्षांची इच्छा तिने पुरी केली. म्हणून तिचा तो अट्टहास, मुलांना हाताच्या पाच बोटांसारखे धरून ठेवण्याचा, मला नुसता खेडवळ आईचा हेका वाटत नाही. तिच्यासाठी आता ती मुले हेच गाव आहे. कातिना पाक्सिनू या ग्रीक अभिनेत्रीने ती भूमिका जरा मोठ्या आवाजात केली आहे, असे अनेकांना वाटते. मला तो आवाज योग्य वाटला. मोकळ्या माळावर हाका मारायची सवय असलेली बाई तळघरात आली तरी तिचा आवाज एकदम कसा लहान होईल?

नादियाचा बळी गेला हे खरेच आहे. पण तो बळी रोझारियाच्या एकत्र कुटुंबाने घेतला, असे म्हणताना त्या बाईपाशी दुसरे काय होते, हेही पाहावे.

निशिगंध

कोकणकडा, तुमचे म्हणणे मला पटते. गावी घर असणे आणि नसणे यांतला फरक मी ध्यानात घेतला नव्हता. रोक्को सारखा गावाविषयी बोलतो, ऑलिव्हच्या झाडांविषयी, इंद्रधनुष्याविषयी. पण तिथे त्यांचे काही उरलेले नाही आणि आईला तर परतायचेच नाही. त्यामुळे त्याची ओढ खरी असली तरी तिला टेकायला जागा नाही.

मात्र एक गोष्ट सोडवत नाही. पुढे सिमोने नादियाला आईच्याच घरात आणून ठेवतो तेव्हा रोझारियाचा सगळा राग नादियावर निघतो. मुलाने काय केले आहे हे तिला दिसत नाही असे नाही. पण मुलगा बिघडला तो बाहेरच्या बाईमुळे, हे तिच्या मनात पक्के आहे. ‘आपले’ आणि ‘बाहेरचे’ अशी रेघ एकदा ओढली की दोष कुठल्या बाजूला टाकायचा हे आधीच ठरून जाते.

अक्षरवेल

या चर्चेत चिरोचे नाव कसे येत नाही, याचे मला आश्चर्य वाटते. रात्रशाळेत शिकून कारखान्यात लागलेला, मिलानच्याच मुलीशी लग्न ठरवलेला हा भाऊ सिमोनेचा गुन्हा कळताच पोलिसांकडे धावतो. रोक्को सिमोनेला मिठीत घेऊन रडतो आणि त्याला लपवावे असे म्हणतो. चिरो दार उघडून बाहेर पडतो. निशिगंध यांची मांडणी पुढे नेली तर त्या घरात नादियाच्या मृत्यूला गुन्हा समजणारा एकटा चिरोच आहे. व्हिस्कोन्ती स्वतः मिलानच्या उमराव घराण्यातले आणि विचाराने मार्क्सवादी होते, त्यामुळे कामगार झालेल्या भावाला त्यांनी हे काम दिले यात नवल नाही. सिसिलीतल्या कोळ्यांवरचा ‘ला तेर्रा त्रेमा’ हा चित्रपट त्यांनी १९४८ साली केला होता. दक्षिणेचा प्रश्न त्यांनी तिथून पुढे या चित्रपटात उत्तरेत आणला.

तरीही त्यांचा जीव चिरोत रमलेला नाही, हे पडद्यावर स्पष्ट दिसते. चिरोचा भाग छोटा आहे आणि त्याचे बोलणे थोडे व्याख्यानासारखे होते. रोक्को आणि सिमोने यांच्यावर मात्र कॅमेरा जीव ओवाळून टाकतो. त्या दोघांच्या आणि नादियाच्या मागे दस्तयेव्हस्कीच्या ‘इडियट’ या कादंबरीतील मिश्किन, रोगोझिन आणि नास्तास्या यांच्या सावल्या आहेत. शीर्षकातला ‘रोक्को’ हा रोक्को स्कोतेल्लारो या लुकानियाच्या कवीवरून आला, जो आपल्या गावाचा महापौर झाला आणि तिशीतच वारला. ‘आणि त्याचे भाऊ’ हे थॉमस मान यांच्या योसेफावरच्या कादंबरीमालेतून. मिलानच्या कडेचे मुष्टियोद्धे आणि त्यांचे जग आले ते जोव्हान्नी तेस्तोरी यांच्या कथांमधून. इतके सगळे साहित्य घेऊन बनवलेला चित्रपट पाहताना कुठेही पुस्तकी वाटत नाही, याचे श्रेय मी पटकथालेखिका सुझो चेक्की दामिको यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना देईन.

सायली_क

मी हा चित्रपट अजून पाहिलेला नाही आणि शेवट वाचूनही तो पाहायची इच्छा झाली आहे. वेगवेगळ्या लांबीच्या प्रती आहेत असे ऐकले. कोणती पाहावी?

अक्षरवेल

सायली, सुमारे तीन तासांची, पुनरुज्जीवित केलेली प्रत पाहावी. २०१५ साली ती कान महोत्सवात दाखवली गेली. तिचे कारणही सांगतो. १९६० च्या व्हेनिस महोत्सवात चित्रपटाला परीक्षकांचे विशेष पारितोषिक मिळाले, पण मिलानमध्ये तो लागल्यावर तिथल्या सरकारी वकिलांनी बलात्काराचे आणि खुनाचे दृश्य कापण्याची मागणी केली, आणि तडजोड म्हणून ते भाग अंधारे करून दाखवावे लागले. त्याआधीच खुनाच्या चित्रीकरणाला मिलानच्या इद्रोस्कालो तळ्यावर परवानगी नाकारण्यात आली होती, म्हणून ते दृश्य रोमच्या दक्षिणेला, लातीनाजवळच्या एका तळ्यावर घेतले गेले. कुटुंबाचे आडनावही आधी पाफुंदी होते; त्या आडनावाच्या एका न्यायाधीशाने हरकत घेतल्यावर ते पारोंदी झाले. शहराने या चित्रपटाला सहजासहजी जागा दिली नाही.

रानजाई

मी निशिगंध यांच्याशी पूर्ण सहमत आहे आणि एक दृश्य अधिक जवळून पाहावे असे सुचवते.

गिसोल्फाच्या घटनेनंतर रोक्को नादियाला मिलानच्या कॅथेड्रलच्या छपरावर भेटतो. संगमरवराचे उंच सुळके, खाली चौक, वर मोकळे आभाळ. ज्या मुलीवर त्याच्या डोळ्यांदेखत अत्याचार झाला तिला तो सांगतो की, सिमोनेला तुझी गरज आहे, तू त्याच्याकडे परत जा. तो हे रडत रडत सांगतो, स्वतःला दोष देत सांगतो, आणि म्हणूनच ते ऐकवत नाही. नादियाची भूमिका करणारी आनी जिरार्दो त्या दृश्यात आधी अविश्वासाने पाहते. तिचा चेहरा काही क्षण अगदी लहान मुलीचा होतो, मग त्यावर जुना कडवटपणा परत चढतो, आणि ती धावत सुटते. वरून घेतलेल्या त्या दृश्यात पांढऱ्या दगडांमधून पळणारी ती एवढीशी दिसते.

तुरुंगातून सुटल्यावर या मुलीला पहिल्यांदा कोणीतरी सांगितले होते की भिऊ नकोस, विश्वास ठेव. तो माणूस रोक्को होता. तिने ठेवला. तिने धंदा सोडला, ती शिकू लागली. सिमोनेने तिचे जे केले ते भयंकर आहे; पण ती मोडते ती छपरावर, असे मला वाटते. त्यानंतर ती सिमोनेकडे जाते ती स्वतःला शिक्षा दिल्यासारखी. तळ्याकाठी सिमोने समोर येतो तेव्हा ती हात पसरून उभी राहते आणि प्रत्यक्ष वार होऊ लागल्यावर मात्र मला मरायचे नाही, असे ओरडते. आधी शरण गेलेले शरीर आणि मग जगायचे आहे म्हणून फुटलेला तो आवाज, या दोन्ही गोष्टी जिरार्दोने एकाच दृश्यात केल्या आहेत. ती आणि इतर काही नटही इटालियन नव्हते, त्यांचे आवाज दुसऱ्यांनी दिलेले आहेत, हे मला नंतर कळले. पाहताना कधी जाणवले नाही.

रोक्कोला संत म्हणणारे पुष्कळ आहेत, चिरोही म्हणतो. पण क्षमा करण्याचा अधिकार ज्याचे नुकसान झाले त्याचा असतो. सिमोनेला क्षमा करण्याचा अधिकार नादियाचा होता. तिला ते कोणी विचारले नाही.

कोकणकडा

रानजाई, शेवटची दोन वाक्ये वाचून बराच वेळ थांबलो. रोझारियाची बाजू मी सोडत नाही, पण रोक्कोविषयीचे माझे मत बदलले आहे, हे प्रामाणिकपणे सांगतो.

लुकाविषयी कोणी बोलले नाही म्हणून एवढेच. कारखान्याच्या दुपारच्या सुट्टीत तो चिरोला भेटायला येतो. घरात चिरोचे नाव घेणे बंद झालेले आहे, तरी हा पोरगा येतो. चिरो त्याच्याशी मोठ्या माणसासारखे बोलतो: सिमोने आधी असा नव्हता, मीच त्याच्याकडून पुष्कळ शिकलो, आणि तू गावी परत गेलास तरी तुला ते गाव पूर्वीसारखे भेटणार नाही, तेही बदलत असेल. मग भोंगा होतो आणि चिरो आत जातो. लुका एकटा त्या लांब रस्त्याने चालू लागतो. वाटेत वर्तमानपत्रे ओळीने टांगलेली आहेत, प्रत्येकावर जिंकलेल्या रोक्कोचे तेच एक छायाचित्र आहे, आणि पुढे जाता जाता लुका त्यावरून हात फिरवतो. मला वाटते, त्या घरात सगळ्या भावांना अजून आपले म्हणणारा तो एकटाच उरलेला आहे.